कोल्हापुरात नव्याने घर केलेल्यांसाठी : घरफाळ्याचे बिल आणि दारातला कचरा

शिवाजी विद्यापीठ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, शहरातील मोठी रुग्णालये यांमुळे दरवर्षी अनेक कुटुंबे कोल्हापुरात नव्याने घर करतात. त्यांच्यापुढे पहिल्या वर्षातच दोन प्रश्न उभे राहतात. घरफाळ्याचे, म्हणजे मालमत्ता कराचे, बिल अपेक्षेपेक्षा जास्त का आले, हा पहिला. आणि कचरा उचलणारा टिपर आपल्या गल्लीत वेळेवर का येत नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न एकाच महापालिकेकडे बोट दाखवतात, म्हणून बोलण्यात ते एकत्र होतात : ‘एवढा घरफाळा भरायचा आणि कचरा मात्र तीन दिवस दारात ठेवायचा!’ हा संताप खरा आहे आणि रास्तही आहे. परंतु कर आकारणारा विभाग वेगळा आहे आणि कचरा उठाव पाहणारा विभाग वेगळा आहे. दोघांचे नियम वेगळे आहेत आणि दाद मागण्याच्या मुदतीही वेगळ्या आहेत. ही दोन प्रकरणे स्वतंत्र ठेवून प्रत्येकाचा कागद स्वतंत्र केला, तरच पदरात काही पडते, असे माझे ठाम मत आहे. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

आपण नेमके कोणाच्या हद्दीत राहतो?

हा प्रश्न नवख्या माणसाला अनावश्यक वाटेल, पण सर्वांत आधी याचेच उत्तर हवे. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची, आणि १५ डिसेंबर १९७२ रोजी तिची महानगरपालिका झाली. त्यानंतर वस्ती चारी बाजूंनी पसरली. हद्दवाढीचा प्रश्न मात्र दशकानुदशके रेंगाळत राहिला. परिणामी पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी, शिंगणापूर अशा गावांतील नवी अपार्टमेंट दिसायला शहराचा भाग असली, तरी तेथील कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला. त्यातच २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. हे प्राधिकरण बांधकाम परवानगी आणि नियोजन पाहते. घरोघरचा कचरा उचलणे किंवा घरफाळा घेणे हे त्याचे काम नव्हे. त्यामुळे या गावांत राहणाऱ्याने कराची पावती आणि कचऱ्याची तक्रार या दोन्हींसाठी ग्रामपंचायत कार्यालयातच जावे आणि तेथील ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, भेटावे.

बिल्डरच्या जाहिरातीत किंवा पोस्टाच्या पत्त्यात ‘कोल्हापूर’ लिहिलेले असणे हा हद्दीचा पुरावा नाही. खरेदीपत्रातील मिळकतीचे वर्णन आणि मागील वर्षाची कराची पावती पाहिली की हद्द निश्चित होते. घर विकत घेण्यापूर्वीच ही पावती मागून घ्यावी, हे उत्तम.

महापालिका हद्दीत असाल, तर आपले विभागीय कार्यालय कोणते हे माहीत करून घ्यावे. गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट अशी चार विभागीय कार्यालये आहेत. घरफाळ्याचे मुख्य निर्णय मुख्य इमारतीतील विभागात होत असले, तरी स्थळपाहणी आणि कचऱ्याच्या तक्रारीचा पाठपुरावा यांसाठी आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयाशी संबंध येतोच. तेथे एकदा प्रत्यक्ष जाऊन आपल्या भागाचे आरोग्य निरीक्षक आणि मुकादम कोण आहेत, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. तक्रार करायची वेळ येईल तेव्हा ही नोंद फार उपयोगी पडते.

मिळकत आपल्या नावावर करून घेणे

घर विकत घेतल्यावर प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारावर नाव लागले की काम संपले, असा अनेकांचा समज असतो. घरफाळ्याची नोंदवही ही स्वतंत्र गोष्ट आहे आणि तिच्यात नाव बदलण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कराधान नियमांनुसार मिळकतीच्या हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांच्या आत महापालिकेला देणे अपेक्षित आहे. अर्जासोबत नोंदणीकृत खरेदीपत्राची प्रत, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), चालू वर्षापर्यंत कर भरल्याची पावती, ओळखपत्र आणि अपार्टमेंट असल्यास संस्थेचे पत्र जोडावे. वारसाने नाव लागणार असेल, तर मृत्यूचा दाखला आणि वारसांबाबतची कागदपत्रे लागतात.

येथे एक गोष्ट अतिशय महत्त्वाची आहे. थकलेला घरफाळा हा कायद्याने मिळकतीवरचा बोजा असतो. तो जुन्या मालकाच्या मागे जात नाही, घराबरोबर नव्या मालकाकडे येतो. म्हणून खरेदीपत्रावर सही करण्यापूर्वी थकबाकी नसल्याचा दाखला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. ‘साहेब, सगळं भरलेलं आहे, काळजी करू नका,’ हे तोंडी आश्वासन पुढे कामाला येत नाही. पाणीपट्टीच्या थकबाकीबाबतही हीच खबरदारी घ्यावी, कारण पाण्याचे बिल घरफाळ्याच्या बिलात नसते, ते वेगळे येते.

आणखी एक खुलासा. घरफाळ्याच्या नोंदवहीत नाव असणे हा मालकीहक्काचा पुरावा मानला जात नाही. कर वसूल कोणाकडून करायचा, एवढ्यापुरतीच ती नोंद असते. उलट बाजूने, तेथे नाव नाही म्हणून आपली मालकी जात नाही. पण बिल, नोटीस आणि सवलत या सर्व गोष्टी जुन्या मालकाच्या नावाने जात राहतात आणि आक्षेपाची मुदत आपल्याला न कळताच निघून जाते.

बिल वाचताना

घरफाळ्याचे बिल म्हणजे एक कर नव्हे, ती अनेक करांची बेरीज असते. सर्वसाधारण कर हा त्यातील मुख्य भाग. त्याशिवाय जललाभ, मलनिःसारण, अग्निशमन, वृक्ष अशा बाबींखाली रकमा दिसतात. शिक्षण कर आणि अनिवासी मिळकतींवरील रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे कर आहेत. महापालिका ते केवळ गोळा करून शासनाकडे भरते. त्यामुळे ‘महापालिकेने एवढे पैसे घेतले’ असे म्हणताना त्यातील काही भाग महापालिकेचा नसतो, हे ध्यानात ठेवावे. जललाभ कर आणि पाणीपट्टी यांचीही गल्लत करू नये. पहिला मिळकतीवरचा कर आहे आणि दुसरी ही वापरलेल्या पाण्याची किंमत आहे.

आता आकारणीकडे वळू. कोल्हापुरात घरफाळा भांडवली मूल्यावर आकारला जातो. पूर्वीच्या पद्धतीत घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे मिळेल, या अंदाजावरून कर ठरत असे. भांडवली मूल्याच्या पद्धतीत घराची किंमत आधार धरली जाते आणि ती काढण्यासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक दर तक्ता, म्हणजे बोलीभाषेतील रेडी रेकनर, वापरला जातो. त्या दराला चटई क्षेत्राने, म्हणजे घराच्या आतील वापरण्याजोग्या क्षेत्राने, गुणतात आणि बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि वापर यांनुसार ठरलेले भारांक लावतात. कौलारू घर, लोड बेअरिंगचे, म्हणजे भिंतींवर भार असलेले, जुने घर आणि आर.सी.सी. इमारत यांचे भारांक एकच नसतात. मंगळवार पेठेतील जुन्या वाड्याचे आणि ताराबाई पार्कातील नव्या फ्लॅटचे बिल इतके निराळे का, याचे उत्तर येथे मिळते.

म्हणून बिल हातात आल्यावर एकूण रकमेवर न थांबता पाच गोष्टी तपासाव्यात. क्षेत्रफळ बरोबर आहे का, हे सर्वांत आधी. कारण बांधीव क्षेत्र आणि चटई क्षेत्र यांत बराच फरक असतो आणि चुकीचे क्षेत्र धरले गेले असेल, तर दरवर्षी जादा कर भरावा लागतो. खरेदीपत्रातील किंवा मंजूर नकाशातील चटई क्षेत्र बिलाशी ताडून पाहावे. त्यानंतर बांधकामाचा प्रकार आणि बांधकामाचे वर्ष पाहावे; इमारत जुनी असूनही नवी म्हणून नोंदलेली असू शकते. मग वापराची नोंद तपासावी. निवासी की अनिवासी, आणि मालक स्वतः राहतो की भाडेकरू, यावर रक्कम मोठ्या प्रमाणात बदलते. मागील मालकाने घर भाड्याने दिले असेल आणि आता आपण स्वतः राहत असू, तर ‘भाडेकरू वापर’ ही नोंद तशीच राहू देऊ नये. चौथी गोष्ट म्हणजे मागील थकबाकी आणि तिच्यावरील दंडाचा रकाना. पाचवी, शास्तीचा रकाना : परवानगीविना केलेल्या बांधकामावर अधिनियमाच्या कलम २६७ अ अन्वये मालमत्ता कराच्या दुप्पटीइतकी शास्ती लागू शकते. गॅलरी बंदिस्त करणे, गच्चीवर पत्र्याची खोली उठवणे अशा जुन्या मालकाने केलेल्या कामांची किंमत नव्या मालकाला मोजावी लागते, ती या वाटेने.

कर का वाढतो?

वाढीची कारणे समजून घेतली तर आक्षेप कोठे घ्यायचा आणि कोठे घेण्यात अर्थ नाही, हे ठरवता येते. आपले स्वतःचे बिल वाढण्याची कारणे साधारण तीन प्रकारची असतात. पहिले, आकारणीचा आधार असलेले दर बदलणे. रेडी रेकनरचे दर २०२२ नंतर तीन वर्षे स्थिर होते, ते १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर वाढले. आपल्या बिलात कोणत्या वर्षाचा दर धरला आहे, हे कार्यालयात विचारून घ्यावे. दुसरे, आपल्याच मिळकतीच्या नोंदीत बदल होणे, म्हणजे वाढीव बांधकाम, वापरातील बदल किंवा नव्याने झालेली मोजणी. तिसरे, कराचा दर किंवा एखादा उपकर वाढवण्याचा महापालिकेचा निर्णय. पहिल्या आणि तिसऱ्या कारणावर एकट्याने दिलेला आक्षेप फारसा टिकत नाही. तो धोरणाचा प्रश्न असतो. त्यासाठी लोकप्रतिनिधींकडे जाणे आणि अर्थसंकल्पाच्या वेळी सामूहिक निवेदन देणे हा मार्ग आहे. कोल्हापूरने टोलविरोधात एकजुटीने उभे राहून तो प्रश्न तडीला नेला आहे, हे नव्याने आलेल्यांनी अवश्य जाणून घ्यावे. दुसऱ्या कारणावरचा आक्षेप मात्र एकट्या नागरिकाचा असला तरी टिकतो, कारण तेथे वाद वस्तुस्थितीचा असतो आणि मोजपट्टीने सुटतो.

यामागे एक मोठे कारणही आहे. एके काळी जकात हा महापालिकांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता. जकात गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली. आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिका शासनाकडून येणाऱ्या भरपाईच्या अनुदानावर अवलंबून राहिल्या. स्वतःच्या हातात उरलेल्या मोजक्या उत्पन्नांत घरफाळा आणि पाणीपट्टी हीच मोठी. शहराचा खर्च वाढला की सारा ताण याच दोन बिलांवर येतो. हे कारण पटले म्हणून चुकीचे बिल मुकाट्याने भरावे, असे मात्र मुळीच नाही.

आक्षेप घेण्याची रीत

आकारणी वाढवायची असेल, तर महापालिकेने विशेष नोटीस द्यावी लागते आणि तिच्यावर हरकत घेण्याची मुदत छापलेली असते. ही मुदत थोड्या दिवसांची असते आणि ती चुकवली, तर पुढचे बहुतेक मार्ग बंद होतात. म्हणून नोटीस मिळाल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहून ठेवावी आणि त्याच आठवड्यात हरकत द्यावी.

हरकतीचा अर्ज एका पानाचा असावा. वर मिळकत क्रमांक, मालकाचे नाव आणि पत्ता. मग ‘नोटिशीत चटई क्षेत्र इतके दाखवले आहे, मंजूर नकाशानुसार ते इतके आहे’ असा एकच मुद्दा स्पष्ट शब्दांत. खाली कोणती कागदपत्रे जोडली आहेत त्यांची यादी. आणि शेवटी समक्ष मोजणीची तसेच सुनावणीची मागणी. रस्त्यावरचे खड्डे, बंद पथदिवे आणि न उचललेला कचरा यांचा उल्लेख या अर्जात करू नये. तो उल्लेख खोटा असतो म्हणून नव्हे. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर निर्णय देण्याचा अधिकारच नसतो आणि आपला मूळ मुद्दा त्यात हरवून जातो, म्हणून. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. पोच नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच.

सुनावणीला स्वतः जावे. मूळ कागदपत्रे सोबत ठेवावीत आणि निर्णय लेखी मागावा. तो अमान्य असल्यास अधिनियमाच्या कलम ४०६ अन्वये दिवाणी न्यायालयात अपील करता येते. त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे, आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली असावी लागते आणि वादातील कराची रक्कम भरावी लागते. या टप्प्यावर वकिलाचा सल्ला घ्यावा आणि अपिलाचा खर्च वाचणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होत नाही ना, हे शांतपणे पाहावे.

निषेध म्हणून कर थकवू नये

कचरा उचलत नाहीत म्हणून घरफाळा भरायचा नाही, असा सल्ला गल्लीत कोणीतरी देतोच. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण नुकसान ऐकणाऱ्याचे होते. मालमत्ता कर अर्धवार्षिक हप्त्यांत, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर रोजी, आगाऊ देय होतो आणि बिलाची मुदत टळल्यावर दरमहा दोन टक्के दंड लागतो. आठ हजार रुपयांची थकबाकी असेल, तर महिन्याला १६० रुपये आणि वर्षाला १,९२० रुपये दंड होतो. पुढे मागणी नोटीस, जप्तीचे अधिपत्र आणि मिळकतीवर बोजा अशी पायरीपायरीने कारवाई होते. कायद्याच्या दृष्टीने कर हा एखाद्या ठराविक सेवेचा मोबदला नसतो. त्यामुळे सेवा मिळाली नाही, हा कर न भरण्याचा बचाव म्हणून चालत नाही. घनकचऱ्यासाठी वेगळे उपयोगकर्ता शुल्क आकारले जात असेल, तर ते शुल्क मात्र सेवेशी जोडलेले असते, आणि सेवा मिळत नसताना त्यावर लेखी प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

वाद चालू असेल, तर रक्कम ‘हरकतीस अधीन राहून’ असे पत्र देऊन भरावी. वर्षाच्या आरंभी पूर्ण कर एकदम भरणाऱ्यांना महापालिका सवलत देत आली आहे. तिची टक्केवारी आणि अखेरची तारीख त्या त्या वर्षाच्या बिलावर पाहावी. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना एका निवासी मिळकतीवर कर माफ करण्याची राज्य शासनाची योजना आहे. सैन्यात जाण्याची परंपरा असलेल्या या जिल्ह्यात कितीतरी घरे तिला पात्र ठरतात, तरीही अर्जच न केल्यामुळे लाभ राहून जातो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन घरफाळा विभागात अर्ज करावा.

भाडेकरूंसाठी थोडेसे. घरफाळा भरण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची असली, तरी भाडेकरारात ती कोणावर टाकली आहे हे सही करण्यापूर्वी वाचावे. कचरा वर्गीकरणाची जबाबदारी मात्र जो घरात राहतो त्याची असते.

कचरा : आधी आपल्या बाजूचे काम

कोल्हापुरात चौकाचौकांत कोंडाळे असत आणि घरातला कचरा नेऊन त्यात टाकणे ही अनेक पिढ्यांची सवय होती. ते हटवून घरोघरी टिपर फिरवण्याची पद्धत आली, पण सवय पूर्ण मोडलेली नाही. टिपर चुकला की जुन्या कोंडाळ्याच्या जागी रात्री पिशव्या येऊन पडतात, भटकी कुत्री त्या फाडतात आणि सकाळी तेथे ढीग दिसतो. नव्याने आलेल्या कुटुंबाने या ढिगात भर घालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. टिपर न येणे ही व्यवस्थेची चूक आहे, परंतु उघड्यावर कचरा टाकल्यास दंड आपल्याला होतो आणि तक्रार करण्याची आपली नैतिक बाजूही दुबळी होते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पासून कचरा वेगवेगळा करून देणे हे नागरिकाचे कायदेशीर कर्तव्य झाले आहे. स्वयंपाकघरात दोन डबे ठेवावेत, ओल्यासाठी हिरवा आणि सुक्यासाठी निळा. भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेले अन्न आणि मटणाची हाडे ओल्यात जातात. आपल्याकडे रविवारी मटण शिजते आणि सोमवारी टिपर आला नाही, तर घरभर वास सुटतो. त्यामुळे हाडे वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाच्या डब्यातच ठेवावीत. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून सुक्यात टाकाव्यात. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत. फुटकी काच, इंजेक्शनच्या सुया, जुन्या गोळ्या, बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट कोणत्याही डब्यात मिसळू नयेत. टिपरवर आणि प्रकल्पावर माणसे हातांनी कचरा वेगळा करतात. आपल्या घरातील एक उघडी सुई एखाद्या कामगाराच्या बोटात जाऊ शकते.

घराच्या दुरुस्तीतून निघणारा राडारोडा आणि खरमाती, जुन्या गाद्या, झाडांच्या मोठ्या फांद्या हा टिपरचा माल नव्हे. त्यासाठी विभागीय कार्यालयात आधी कळवून वेगळी व्यवस्था करावी लागते, आणि घर दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराशी राडारोडा कोठे नेणार हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. तो नाल्याकाठी ओतला गेला, तर पावसाळ्यात त्याचा त्रास साऱ्या भागाला होतो. जयंती नाला पंचगंगेला मिळतो आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, दुधाळी या भागांत पाणी शिरले होते, हे नव्या रहिवाशांनी लक्षात ठेवावे. गणेशोत्सवातील निर्माल्यही कचऱ्याच्या पिशवीतून देऊ नये. ते विसर्जनस्थळी ठेवलेल्या निर्माल्य कुंडात किंवा संकलनासाठी उभ्या असलेल्या स्वयंसेवकांकडे द्यावे.

गोळा झालेला कचरा कसबा बावड्यातील लाईन बाजारच्या प्रकल्पावर जातो. हा भाग ‘झूम’ या जुन्या नावानेच ओळखला जातो. तेथील वर्षानुवर्षांचे ढीग, त्यांना लागणाऱ्या आगी आणि धूर यांचा त्रास बावड्यातील रहिवाशांनी फार सोसला आहे. आपण ओला आणि सुका कचरा एकत्र दिला, तर तो प्रक्रियेस निरुपयोगी होऊन त्याच ढिगात जातो. वर्गीकरण का करायचे, याचे माझ्या लेखी सर्वांत मोठे कारण हेच आहे.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी आपली इमारत मोठ्या कचरा निर्मात्यांत मोडते का, हेही पाहावे. दररोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करणे अपेक्षित असते. लहान इमारतींनीही गच्चीवर किंवा आवारात कंपोस्टचे ड्रम ठेवले, तर टिपर दोन दिवस आला नाही तरी फारसे अडत नाही, कारण कुजतो तो ओला कचराच. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा टाकावा आणि पावसाळ्यात ड्रम झाकून ठेवावा.

टिपर येत नसेल तर

पहिल्यांदा वेळ आणि मार्ग समजून घ्यावा. टिपरवरच्या मंडळींशी सरळ बोलावे : ‘मामा, आमच्या गल्लीत साधारण किती वाजता येता? गाडी आत वळत नसेल तर कुठं थांबता?’ अनेकदा गल्ली अरुंद असते, दुतर्फा लावलेल्या वाहनांमुळे टिपर आत येत नाही आणि तो तोंडाशी थांबून पुढे जातो. अशा वेळी गल्लीतील पाच-सहा घरांनी मिळून थांब्याची जागा आणि वेळ मुकादमांकडून ठरवून घेतली, तर प्रश्न तेथेच मिटू शकतो. नवरा-बायको दोघेही नोकरीला जात असतील, तर शेजारच्या काकूंशी किंवा इमारतीच्या वॉचमनशी बोलून डबा बाहेर देण्याची सोय करावी.

एवढ्याने भागले नाही, तर नोंद ठेवायला सुरुवात करावी. कॅलेंडरवर टिपर न आलेल्या तारखांना खूण करावी आणि साचलेल्या कचऱ्याचे तारखेसह छायाचित्र काढावे. ‘टिपर कधीच येत नाही’ या वाक्यावर अधिकारी काही करू शकत नाही. ‘अमुक गल्ली, अमुक तारखांना टिपर आला नाही, जवळची खूण अमुक’ या वाक्यावर त्याला मार्गाची नोंद तपासावीच लागते. ही तक्रार आधी आरोग्य निरीक्षकांकडे विभागीय कार्यालयात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. त्याच वेळी केंद्र सरकारच्या स्वच्छता ॲपवर छायाचित्रासह नोंदवावी, म्हणजे तक्रार क्रमांक मिळतो. तक्रार न सोडवता ती ‘निकाली’ दाखवली गेली, तर मोबाईलच्या त्या पडद्याचे छायाचित्र (स्क्रीनशॉट) जपून ठेवावे आणि पुढच्या अर्जाला जोडावे.

आठवडाभरात फरक पडला नाही, तर घनकचरा व्यवस्थापनाचे काम पाहणाऱ्या मुख्य कार्यालयातील आरोग्य विभागाकडे आणि आयुक्तांकडे दुसरा अर्ज द्यावा. त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहावा आणि शक्य असेल तर गल्लीतील दहा-वीस रहिवाशांच्या सह्या घ्याव्यात. आपल्याकडच्या तालीम मंडळांचा आणि तरुण मंडळांचा शब्द प्रशासनात ऐकला जातो. नव्याने आलेल्यांनी मंडळाच्या कार्यकर्त्यांशी ओळख वाढवून निवेदन त्यांच्यासोबत दिले, तर त्याचे वजन वाढते. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांनाही प्रत द्यावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तेथे प्रश्न मांडायचा असेल, तर विहित नमुन्यातील अर्ज आगाऊ द्यावा लागतो आणि विषय एकाच व्यक्तीच्या वैयक्तिक गाऱ्हाण्याचा असावा लागतो, म्हणून गल्लीच्या वतीने नव्हे तर आपल्या घराच्या नावाने अर्ज करावा.

यानंतरही उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चा उपयोग करावा. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे तो द्यावा. ‘कचरा का उचलत नाही?’ असा प्रश्न विचारू नये, कारण ‘का’ला उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागावेत : आपल्या गल्लीचा समावेश असलेल्या टिपरच्या मार्गाचा तक्ता, मागील दोन महिन्यांची त्या टिपरच्या फेऱ्यांची नोंद, वाहन बंद असल्यास पर्यायी वाहन दिल्याची नोंद, काम ठेकेदाराकडे असल्यास कराराची प्रत आणि फेरी चुकल्याबद्दल केलेल्या दंडाची नोंद. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास किंवा अपुरी मिळाल्यास पुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांकडे वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करावे. त्या अपिलासोबत मूळ अर्जाची पोच, आपण नोंदवलेल्या तारखांचा तक्ता आणि आरोग्य निरीक्षकांना दिलेल्या पहिल्या तक्रारीची प्रत जोडावी.